दाईचे मणी आणि सेविकेचा मोबाइल

आरोग्यविषयक अ‍ॅप ते वापरणाऱ्यांच्या सहभागातून घडवावे, हा विचार आज बहुतेकांना मान्य आहे. त्याचे मूळ सामान्यतः स्कँडिनेव्हियात सांगितले जाते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी नॉर्वेतील संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी तेथील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकाविषयी कामगारांच्या मतालाही वजन असावे, ही त्यामागील भूमिका होती. सहभागाचा प्रश्न मुळात सोयीचा नव्हता, सत्तेचा होता. आपल्याकडील दोन उदाहरणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले गडचिरोलीचे. बालकांतील न्यूमोनिया श्वासाच्या गतीवरून ओळखता येतो. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, त्यापुढे वर्षभरापर्यंत ५० वा अधिक भरले, तर तो धोका समजावा. हे निदान गावातल्या दाईला करता आले तर वेळीच औषध मिळेल. पण निरक्षर दाईला एवढी मोजणी येत नव्हती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिच्यासाठी एक साधन केले : एका मिनिटाची वाळूची घडी आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दाईच्या मोजणीची मर्यादा ही येथे उणीव ठरली नाही. साधनाची रचनाच तिच्यापासून सुरू झाली.

दुसरे उदाहरण २०२१ चे. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले, तेव्हा महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी इंग्रजीतून माहिती भरण्याची सक्ती आणि अपुऱ्या क्षमतेचे हँडसेट यांविरुद्ध आवाज उठवला. त्या वर्षी अनेकींनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. पुढे हे अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे वापरणाऱ्यांचा सहभाग येथेही घडला. मात्र तो रचनेच्या आधी नव्हे, आंदोलनातून आणि नंतर.

तथापि पहिल्या उदाहरणाचाही गौरव सरसकट करता येत नाही. न्यूमोनिया कशाला म्हणावे, हे तेथेही वैद्यकानेच ठरवले होते. मणी दाईच्या हातात होते, कसोटी तिची नव्हती. वैद्यकीय सत्याबाबत तडजोड करता येत नाही आणि वापरणाऱ्याला डावलूनही चालत नाही, ही आरोग्यसाधनांच्या सहरचनेतील खरी अडचण आहे. शिवाय ज्या दायांनी ते मणी सरकवले, त्यांची नावे साधनाच्या इतिहासात ठळकपणे येत नाहीत. संहितेचा कर्ता कोण, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण नेहमी विचारतो. सेविकेच्या मोबाइलमधील रकान्यांनाही तो विचारायला हवा : हे शब्द कोणी निवडले, आणि निवडताना तिला कोणी विचारले होते काय?