दोन अर्थांची एक ‘तालीम’
(फुटबॉल, शाळा आणि शिष्यवृत्ती यांच्या इतिहासातून)

आपल्या घरात ‘तालीम’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर पाटी-पुस्तक उभे राहते. मुलाची तालीम झाली म्हणजे तो शिकला, चार माणसांत बसण्याजोगा झाला. हाच शब्द कोल्हापुरात उच्चारला तर तांबड्या मातीचा हौद, लंगोट आणि दंड-बैठका आठवतात. शब्द मूळचा अरबी आणि अर्थ एकच, शिकवणे. एका घराने तो बुद्धीच्या शिक्षणासाठी ठेवला, दुसऱ्याने शरीराच्या. या दोन तालमींमध्ये भिंत केव्हा उभी राहिली, आणि ती पाडता येईल काय, याचा विचार पालकांनी व विद्यार्थी मित्रांनी करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

हा विचार हवेतला नव्हे. बपेरा हे मध्यप्रदेशच्या सीमेला लागलेले तुमसर तालुक्यातले गाव. धानाची कापणी झाली, बांध्या मोकळ्या झाल्या की मुले चेंडू घेऊन धावू लागतात. त्यातला एखादा खरोखर चपळ निघतो. शाळेच्या संघात येतो, तालुक्याला खेळतो, जिल्ह्याला खेळतो. मग दहावीचे वर्ष उजाडते आणि घरात वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात, चेंडूने पोट भरत नाही. मामू म्हणतात, पोराच्या अंगात खेळ आहे, खेळू द्या. अम्मी बिचारी दोघांच्या मध्ये. मुलगा मात्र मुकाट्याने एकच प्रश्न मनात घोळवीत असतो : या खेळाच्या जोरावर मला कॉलेजचे शिक्षण मिळेल काय? या प्रश्नाला इतिहास काय उत्तर देतो ते पाहू.

आपल्या देशात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर, छावण्यांच्या मैदानावर. नागपूरजवळची कामठीची छावणी १८२१ सालची. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील अनेक मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर याप्रमाणे नागपूर व कामठीतही त्यांची वस्ती झाली. एकीकडे हातमागाची खटखट आणि दुसरीकडे छावणीतला फुटबॉल, अशा वातावरणात कामठीच्या मुलांना या खेळाचा लळा लागला. आज कामठीचे रब्बानी हायस्कूल आणि रब्बानी क्लब ही नावे विदर्भातील फुटबॉलप्रेमींना सांगावी लागत नाहीत. नागपूरच्या यंग मुस्लिम क्लबाचेही तसेच. म्हणजे आपल्या समाजाला हा खेळ परका नाही, आणि फार दूरचाही नाही.

१८९१ साली मुंबईत रोव्हर्स करंडक स्पर्धा सुरू झाली. पुष्कळ वर्षे ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो करंडक जिंकला, आणि हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. तिकडे कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग जिंकली. १९४० साली याच संघाने रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही करंडक घेतले. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात त्याने रॉयल वॉरविकशायर पलटणीला हरविले. त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांना किती अभिमान वाटला असेल, याची कल्पनाच करावी.

पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. करंडक आले, मिरवणुका निघाल्या, परंतु त्या विजयांतून मुलांना शाळा-कॉलेजात पाठविणारी व्यवस्था उभी राहिली नाही. खेळ एका वाटेने गेला, शिक्षण दुसऱ्या वाटेने.

शिक्षणाची वाट कशी बांधली जाते याचे उदाहरण कोल्हापूरने घालून दिले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मुलांसाठी बोर्डिंग काढले. हेच महाराज कुस्तीचे निस्सीम चाहते होते. १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान त्यांच्याच दूरदृष्टीचे फळ. पुस्तकाची तालीम आणि मातीची तालीम या दोहोंना एकाच राजाचा आश्रय मिळाला. पुढे त्याच शहरात तालमींनी फुटबॉल जवळ केला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम यांचे सामने पाहायला आजही शाहू स्टेडियमवर सारे शहर लोटते. नाव तालमीचे आणि खेळ चेंडूचा, असा तो प्रकार आहे.

आता दोन माणसांची गोष्ट सांगतो.

पहिले सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. त्यांनी पदवी घेतली, शाळेत मास्तरकी केली, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविली. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली घडला, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स करंडक जिंकला. ते भारताचे प्रशिक्षक असताना १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळाला. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक आले. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आजतागायत भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. रहीमसाहेबांना जग प्रशिक्षक म्हणून ओळखते, परंतु ते मुळात शिक्षक होते हे आपण विसरता कामा नये. ज्याला वर्गात शिकविता आले, त्यालाच मैदानावर शिकविता आले.

दुसरे डॉ. तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते कलकत्त्याला गेले, मोहन बागानकडून खेळले, आणि १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघाचे कर्णधार झाले. त्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कर्णधार मात्र परत आला आणि डॉक्टरकीचा अभ्यास पुरा करून आपल्या मुलखात रुग्णसेवेला लागला. खेळताना पुस्तक सोडले नाही म्हणून खेळ संपल्यावर आयुष्य संपले नाही.

मग असे खेळाडू-पदवीधर शेकड्यांनी का निघाले नाहीत? याचे कारण आपल्याकडील फुटबॉलच्या रचनेत आहे. आपल्याकडे चांगल्या खेळाडूला बक्षीस मिळे ते नोकरीचे. रेल्वे, पोलीस, बँका, विमान कंपनी, मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने यांचे संघ असत. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र ही नावे कूपरेज मैदानावर गाजली. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चांगला खेळला की त्याला कामावर घेत. पगार सुरू होई, घरची चूल पेटे. गरीब बापाला यापेक्षा अधिक काय हवे? त्यात कोणाचा दोष नव्हता. परंतु या सोयीची किंमत अशी की मुलाचे शिक्षण तेथेच थांबे.

ती नोकरी होती तोवर हे ठीक होते. पुढे गिरण्या बसल्या, खात्यांचे संघ आटले. महिंद्र युनायटेडसारखा नामांकित संघ २०१० साली बंद झाला. पंजाबचा जेसीटी हा गिरणीचा संघही पुढच्याच वर्षी बंद पडला. ज्यांच्या हाती पदवी होती ते सावरले. ज्यांच्या हाती केवळ पदके होती, त्यांचे हाल झाले.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. १९६० साली एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून शालेय मुलांसाठी सुब्रतो करंडक सुरू झाला. १९७०-७१ पासून केंद्र सरकारने शाळेतील होतकरू खेळाडूंसाठी क्रीडागुण शोध शिष्यवृत्ती सुरू केली. विद्यापीठांमधील खेळाला उत्तेजन म्हणून दिल्या जाणाऱ्या करंडकाला तर मौलाना अबुल कलाम आझादांचेच नाव आहे. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण आले. महाराष्ट्राने १९९६ साली क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. तिच्यात निवडलेल्या मुलाचे राहणे, जेवण, शाळा आणि सराव यांची सोय सरकार करते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. २०१८ साली ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडक खेळाडूंवर आठ वर्षांपर्यंत दरवर्षी ५ लाख रुपये खर्च करण्याचे जाहीर झाले.

याखेरीज राज्य व राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आपल्या राज्यात जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पुष्कळ कॉलेजांत खेळाडूंसाठी काही जागा असतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की तो मुलगा ‘कलर होल्डर’ म्हणून मान मिळवितो. मात्र नोकरीतल्या राखीव जागेसाठीही त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. दहावी नापास झालेल्याला पाच टक्क्यांचा काय उपयोग?

कित्येकांना वाटते की अमेरिकेत चेंडू मारता आला की कॉलेज फुकट. तेथे कॉलेजे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात हे खरे. पण वर्षानुवर्षे नियम असा होता की वरच्या श्रेणीतील कॉलेजाने पुरुषांच्या फुटबॉल संघाला मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांपेक्षा अधिक देऊ नये. संघात पंचवीस-तीस मुले. तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच येई. २०२५ साली न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा अनेक विद्यापीठांपुरती उठली, तरी संघात किती खेळाडू ठेवायचे याला मर्यादा आली. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. आणि वरच्या श्रेणीत खेळायचे असेल तर हायस्कुलात ठरलेले सोळा मुख्य विषयक्रम चांगल्या गुणांनी पुरे करावे लागतात. म्हणजे जेथे खेळाला सर्वात जास्त पैसा आहे, तेथेही आधी वही तपासतात, मग बूट.

मुलींच्या बाबतीत अमेरिकेचा एक धडा मात्र घेण्याजोगा आहे. १९७२ साली तेथे कायद्याने शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला बंदी झाली आणि कॉलेजांना मुलींच्या खेळाकडेही लक्ष द्यावे लागले. त्यातून हजारो मुलींना कॉलेजचे दार उघडले. आपल्या मुली शाळेच्या मैदानावर उतरल्या तर त्यांच्या तालमीत खोट येणार नाही, उलट एक जादा दार उघडेल.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि २००१ साली त्यांच्यासाठी फुटबॉलची चळवळ उभी केली. २०१६ साली तिला फिफाचा पुरस्कार मिळाला, २०२२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. एका कॉलेजच्या मास्तराने हे केले. दूर केरळात, कोझिकोडजवळ, आपल्याच समाजाच्या फारूक संस्थेचे उच्च माध्यमिक विद्यालय २०२५ साली सुब्रतो करंडक जिंकून आले. त्याच आवारात १९४८ पासूनचे फारूक कॉलेज आहे. शाळा, मैदान आणि कॉलेज यांच्यात तेथे भिंत नाही.

तेव्हा बपेऱ्याच्या त्या मुलाला काय उत्तर द्यावे? उत्तर असे : बाळा, केवळ चेंडूवर कॉलेज मिळेल असे समजू नकोस, पण चेंडूमुळे कॉलेज बुडेल असेही नाही. दोन्ही सांभाळलेस तर दोन्ही एकमेकांना हात देतील.

यासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, त्यावर नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना ते त्याच दिवशी पाहावे. पत्र्याच्या पेटीत वाळवी लागलेले किंवा नावात चूक असलेले प्रमाणपत्र घेऊन ऐनवेळी हिंडणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मुदतीत जातो की नाही, याची पालकांनी चौकशी करावी. परीक्षेच्या दिवसांत सराव कमी करावा, बंद करू नये. आणि पैसे घेऊन खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याच्या सावलीलाही उभे राहू नये. पडताळणीत ते उघडे पडते आणि आयुष्यभराचा डाग लागतो.

शिक्षणसंस्थांचेही कर्तव्य आहे. वार्षिक समारंभात पहिल्या आलेल्या मुलाला आपण हार घालतो, ते योग्यच आहे. त्याच समारंभात, जो मुलगा किंवा मुलगी राज्यपातळीवर खेळून पासही झाली, तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी समाजाने भरली तर? फार मोठी रक्कम लागणार नाही. जकात-सदक्यातून गरीब विद्यार्थ्याला मदत करण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्यात खेळाडू विद्यार्थ्याचे नाव सामील करावयाचे, एवढेच.

ज्या धर्माची पहिली आज्ञा ‘वाच’ अशी आहे, त्याच्या अनुयायांना पुस्तकाची थोरवी सांगणे नको. पण शरीर ही देखील अल्लाहने दिलेली अमानतच आहे. रहीमसाहेबांनी वर्ग आणि मैदान यांत फरक केला नाही. आपणही ‘तालीम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदू द्यावेत.