बातमीतले गाव : हिंसेचे वार्तांकन आणि समाजमन

नोव्हेंबर २०१७ च्या उत्तरार्धात अहमदनगरच्या जिल्हा व सत्र न्यायालयातून एका आठवड्याच्या आत दोन निकाल बाहेर पडले. २३ तारखेला जामखेड तालुक्यातील खर्डा येथील खून खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. २९ तारखेला कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथील बलात्कार व खून खटल्यातील तिन्ही दोषींना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. दोन्ही घटनांतील बळी अल्पवयीन होते, दोन्ही घटना एकाच जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या आणि दोन्हींवर राज्यभर संताप व्यक्त झालेला. तरीही आज महाराष्ट्रातील सर्वसाधारण वाचकाला कोपर्डी लगेच आठवते. खर्ड्याचे काय झाले, हे सांगताना मात्र तो थबकतो. या विस्मरणाला कारणे अनेक आहेत. वार्तांकन हे त्यांपैकी एक, आणि कदाचित सर्वांत कमी तपासले गेलेले.

हिंसेविषयीचे समाजाचे मत प्रत्यक्ष अनुभवातून क्वचितच बनते. बहुसंख्य शहरी नागरिकांनी खून पाहिलेला नसतो. त्यांनी त्याची बातमी वाचलेली असते. त्यामुळे कोणती घटना बातमी होते, ती कोणत्या संदर्भात मांडली जाते आणि किती दिवस पानावर टिकते, या तीन गोष्टींवर त्यांची भीती, सहानुभूती आणि विस्मृती अवलंबून राहते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गेल्या काही वर्षांच्या घटना या तिन्ही गोष्टी स्पष्ट करतात.

निवड : जिल्हा पानापासून पहिल्या पानापर्यंत

वृत्तपत्रे लोकांना काय विचार करावा हे सांगू शकत नसली, तरी कशाविषयी विचार करावा हे ठरवू शकतात, असे माध्यमशास्त्र मानते. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात केलेला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विचाराचा पाया मानला जातो. मराठी पत्रकारितेत या प्रक्रियेला आवृत्त्यांचीही जोड आहे. जिल्हावार आवृत्त्या निघू लागल्यापासून कर्जत किंवा जामखेडची बातमी नगरच्या वाचकाला सविस्तर मिळते. पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. एकाच दैनिकाचे दोन वाचक एकाच सकाळी दोन वेगवेगळे महाराष्ट्र वाचत असतात.

गावातील घटनेची पहिली बातमी बहुधा तालुका वार्ताहर देतो. तो अनेकदा अल्प मानधनावर काम करतो, जाहिरातीही त्यालाच मिळवाव्या लागतात आणि माहितीसाठी तो पोलीस ठाण्यावर व गावातील वजनदार मंडळींवर अवलंबून असतो. जेथे आरोपी त्याच वजनदार मंडळींपैकी असतात, तेथे पहिली बातमी मोघम होण्याचा धोका सर्वाधिक असतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. सुरुवातीच्या काही बातम्यांत अनैतिक संबंधांचे कारण पुढे करण्यात आले होते. घटनेचे खरे स्वरूप राज्यापुढे यायला कित्येक आठवडे लागले आणि ते आले तेही प्रामुख्याने कार्यकर्त्यांची सत्यशोधन पथके व रस्त्यावरची आंदोलने यांच्यामुळे.

याच नगर जिल्ह्याला वेगळी परंपराही आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केलेले 'दीनमित्र' हे सत्यशोधक विचारांचे पत्र नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून अनेक दशके निघत होते. खेड्याची बातमी खेड्यातूनच आणि दुर्बलांच्या बाजूने लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले होते. शंभर वर्षांनंतर त्याच तालुक्यातील सोनई येथे, १ जानेवारी २०१३ रोजी, शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने बोलावून तीन दलित तरुणांची हत्या करण्यात आली. या प्रकरणालाही राज्यव्यापी बातमीचे स्वरूप येण्यास वेळ लागला. खटला नाशिकला चालविला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

चौकट : घटना तीच, अर्थ वेगळा

१३ जुलै २०१६ रोजी कोपर्डीत शाळकरी मुलीवर झालेला अत्याचार आणि तिची हत्या ही आरंभी जिल्ह्यातील गुन्ह्याची बातमी होती. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात तिचे पडसाद उमटले आणि पाहता पाहता ती राज्याची बातमी झाली. पीडित मुलगी मराठा समाजातील आणि आरोपी दलित समाजातील असल्यामुळे स्त्रीवरील अत्याचार या चौकटीच्या जागी जातीची चौकट आली. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मूक मोर्चापासून मराठा क्रांती मोर्चाचे पर्व सुरू झाले. दोषींना फाशी या मागणीच्या जोडीला आरक्षण आणि अॅट्रॉसिटी कायद्यातील बदल याही मागण्या आल्या. बातम्यांचा भर हळूहळू मोर्चांची विराटता, शिस्त आणि राजकीय परिणाम यांकडे वळला. मुलींना निर्भयपणे शाळेत जाता यावे यासाठी गावात काय हवे, हा मूळ प्रश्न तुलनेने मागे पडला.

शांतो अय्यंगार यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात बातमीच्या दोन चौकटी सांगितल्या आहेत. एकीत सुटी घटना दाखविली जाते, दुसरीत तिच्यामागील परिस्थिती. सुटी घटना पाहणारा प्रेक्षक दोष व्यक्तीला देतो. परिस्थिती पाहणारा व्यवस्थेला प्रश्न विचारतो. आपल्याकडे याला तिसऱ्या चौकटीची जोड द्यावी लागेल. तीत दोष ना व्यक्तीला दिला जातो ना व्यवस्थेला, तो समूहाला दिला जातो. आरोपीच्या कृत्याबद्दल त्याच्या संपूर्ण समाजाने खाली मान घालावी, अशी अपेक्षा निर्माण होते आणि तिचे चटके त्याच गावात राहणाऱ्या, गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांना बसतात.

हे केवळ हिंसेलाच नव्हे, तर दुर्घटनेलाही लागू आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या रुग्णालयात आगीच्या दुर्घटनेत दहा नवजात अर्भके दगावली होती. निलंबित कोण झाले, अटक कोणाला झाली, याच्या बातम्या ठळकपणे आल्या. भंडाऱ्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे जे आदेश निघाले, त्यांचे नगरला काय झाले, हा प्रश्न विचारला गेला खरा. पण उत्तर मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करायला लागणारा धीर बातमीच्या वेगात बसत नाही. वाचकाच्या लक्षात आग राहते, आदेश राहत नाही.

घाई : जवखेड्याचा धडा

पाथर्डी तालुक्यातील जवखेडे खालसा येथे ऑक्टोबर २०१४ मध्ये एका दलित कुटुंबातील तिघांची निर्घृण हत्या झाली. खैरलांजी, सोनई आणि त्याच वर्षीचे खर्डा यांची स्मृती ताजी असल्याने हा जातीय अत्याचारच होय, असे गृहीत धरून बातम्या, अग्रलेख आणि मोर्चे यांची राज्यभर रीघ लागली. डिसेंबरमध्ये पोलिसांनी कुटुंबातील नातेवाइकांनाच अटक केली आणि चर्चेचे वारे एकदम उलटे फिरले. आता जातीय अत्याचाराच्या साऱ्याच तक्रारी बनावट असतात, असा सूर काही ठिकाणी लागला.

पहिल्या निष्कर्षाला पुराव्याचा आधार नव्हता, दुसऱ्यालाही नव्हता. अटक म्हणजे निकाल नव्हे आणि एका प्रकरणावरून दुसऱ्याचा निवाडा करता येत नाही. बातमीने 'कोणी केले' या प्रश्नाचे उत्तर तपासाआधी दिले, की पुढे खरे काहीही निघो, त्याची किंमत पुढच्या तक्रारदाराला मोजावी लागते.

आयुष्य : बातमी संपते, खटला चालतो

एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्यातील दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या कारणावरून हे कृत्य झाल्याची तक्रार होती. तेव्हा नेते, कार्यकर्ते आणि वाहिन्या गावात येऊन गेल्या. खटल्याचा निकाल लागेपर्यंत साडेतीन वर्षे गेली. या काळात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. शासनाने उच्च न्यायालयात अपील करण्याचे जाहीर केले.

वार्तांकन कमी झाले म्हणून खटला फसला, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. न्यायालय पुराव्यावर निर्णय देते आणि तसाच तो द्यायला हवा. परंतु साक्षीदार त्याच गावात राहतो. त्याचे पाणी, मजुरी, दुकानातील उधारी गावाशी बांधलेली असते. राज्याचे लक्ष आपल्याकडे आहे, ही जाणीव त्याला काही प्रमाणात बळ देते आणि ते लक्ष उडाले की तो एकटा पडतो. कोपर्डीचा खटला विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी चालविला, घटनेनंतर साधारण सोळा महिन्यांत निकाल लागला आणि शेवटपर्यंत त्यावर राज्याची नजर होती. अर्थात या नजरेचीही दुसरी बाजू आहे. निकालापूर्वीच, एप्रिल २०१७ मध्ये, न्यायालयाच्या आवारात आरोपींवर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता.

मर्यादा : नाव कोणाचे छापायचे

अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ त्या जागी आले आहे. बालकांबाबत 'पोक्सो' कायद्याचे कलम २३ लागू होते. पीडिता हयात नसली तरी तिचे नाव प्रसिद्ध करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निर्णयात स्पष्ट केले. आई-वडिलांचे छायाचित्र, शाळेचे नाव, घराकडे जाणारी वाट यांतूनही ओळख पटते, याचे भान मात्र कायद्याचे शब्द पाळणाऱ्यांनाही नेहमीच राहते असे नाही.

नाव छापता येत नाही, म्हणून गावाचे नाव हेच प्रकरणाचे नाव होते. खर्डा हे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामावर मिळविलेल्या विजयासाठी इतिहासात नोंदले गेलेले गाव. सोनई ही साखर कारखान्याची आणि शनिशिंगणापूरच्या वाटेवरची बाजारपेठ. शहरी वाचकासाठी आता ही नावे आधी गुन्ह्याची आठवण करून देतात. तेथील शेतकरी, शिक्षक किंवा नोकरीसाठी पुण्याला आलेला तरुण आपल्या गावाचे नाव सांगतो, तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरील बदल त्याला दिसतो.

वाचकापुढील प्रश्न

दूरचित्रवाणीवरील हिंसेचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या जॉर्ज गर्बनर यांचा निष्कर्ष असा, की अधिक वेळ पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षाहून अधिक धोकादायक वाटू लागते. बातम्या बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बातमी वाचताना काही साधे प्रश्न मनाशी ठेवले, तरी पुष्कळ साधते. ही माहिती पोलिसांची आहे, नातेवाइकांची की वार्ताहराने पडताळलेली? जातीचा उल्लेख गुन्ह्याचे कारण समजण्यासाठी आहे की केवळ ओळखीसाठी? आरोप, अटक, आरोपपत्र आणि निकाल यांपैकी नेमका टप्पा कोणता? याआधी अशा घटनेनंतर कोणते आदेश निघाले होते?

आणि वृत्तपत्रांकडे वाचकाने करावी अशी एक मागणी आहे. जी घटना पहिल्या पानावर आली, तिचा निकालही, तो कसाही लागो, तेवढ्याच ठळकपणे यावा; आणि मधल्या वर्षांत साक्षीदारांचे काय चालले आहे, हे पाहण्यासाठी कोणीतरी गावात पुन्हा जावे.