शास्त्राधार आणि विवेक

समलिंगी संबंधांचा वाद निघाला, की आपल्याकडे दोन्ही पक्ष पोथ्या उघडतात. एकाच्या मते ही गोष्ट परंपरेला मान्य नाही. दुसरा शिखंडीची कथा आणि खजुराहोची शिल्पे पुढे करतो. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. तरी त्याचा हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, असा टिळकांचा आक्षेप होता. रा. गो. भांडारकर शास्त्रांतूनच सुधारणेला अनुकूल अर्थ काढून दाखवीत होते. आगरकरांना मात्र शास्त्राधाराची ही गरजच मान्य नव्हती. प्रथा हितकर की अहितकर, हे बुद्धीने ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती.

शास्त्रात शोधू गेल्यास हाती काय लागते? मनुस्मृतीचा अकरावा अध्यायच पाहावा. एके ठिकाणी पुरुषाचे पुरुषाशी मैथुन जातिभ्रंशकर कृत्यांत गणले आहे. पुढे त्यासाठी सचैल स्नान पुरेसे मानले आहे, आणि त्याच श्लोकात दिवसा स्त्रीसंग करणाऱ्यालाही तेच प्रायश्चित्त आहे. जन्मठेपेची शिक्षा मात्र या ग्रंथातली नव्हे. इंग्लंडमध्ये १५३३ साली आठव्या हेन्रीच्या काळात चर्चच्या दृष्टीने जे पाप, ते राजाच्या कायद्याने गुन्हा ठरले. तीच दृष्टी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ च्या रूपाने आली. इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला. आपण मात्र उसना कायदा ‘आपली संस्कृती’ म्हणून जपत राहिलो.

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा आवाज उठला होता. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुळात लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लीलता कशी, हा बचावाचा प्रश्न होता. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला. पण त्या लेखनाची भूमिका स्पष्ट होती. ग्रंथ काय सांगतो हे तिथे गौण. यात कोणाची हानी होते, एवढाच प्रश्न.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ रद्द ठरवताना आंबेडकरांच्याच ‘संवैधानिक नैतिकते’चा आधार घेतला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत निरनिराळ्या धर्मांच्या संघटना होत्या. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या परंपरा इथे एकत्र आल्या. २०१३ मध्ये निकाल फिरला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा विवेकाच्या बाजूने लागला.

विवाहाचा प्रश्न मात्र अडला. २०२३ च्या सुनावणीत न्यायालयाने धर्माधारित व्यक्तिगत कायदे बाजूला ठेवले. चर्चा होती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. धर्मविधीशिवाय, जातिधर्माबाहेर लग्न करता यावे, यासाठीच तो कायदा आहे. तिथेही सरकारने पती, पत्नी आणि अपत्ये या भारतीय कुटुंबकल्पनेचा हवाला दिला. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायाधीशांनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असे सांगून प्रश्न संसदेवर सोपवला.

संसदेत तो येईल तेव्हा पुन्हा पोथ्या निघतील. अनुकूल श्लोक सापडलाच, तर उद्या प्रतिकूलही सापडेल. आणि श्लोकावर मिळालेला हक्क श्लोकानेच काढून घेता येतो. आयुष्यभर एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक गेला, तर दुसऱ्याला वारस म्हणून उभे राहता येत नाही, ही हानी आहे. त्यांचे लग्न झाल्याने शेजाऱ्याचे काय बिघडते, याचे उत्तर आम्हांला अद्याप कोणत्याही पोथीत मिळालेले नाही.