एकदाच लिहिणारी तबकडी

युनिक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न नेहमीचाच: ‘माझी फाइल चुकून उडाली, परत मिळेल का?’ १९८० च्या दशकात या प्रश्नाचं उत्तर टेपांच्या कपाटात असायचं. अमुक दिवसाची टेप शोधायची, ड्राइव्हवर चढवायची, नेमक्या जागेपर्यंत पळवायची, मग फाइल हाती लागणार. टेपा महाग आणि मोजक्या, त्यामुळे ठरावीक काळानं जुन्या टेपेवरच नवा बॅकअप घेतला जाई. वर्षापूर्वीची प्रत मागायला आलेला माणूस बहुधा हात हलवत परत जाई.

त्याच सुमारास ऑप्टिकल डिस्क सर्व्हरच्या खोलीत आली. एका तबकडीत तिच्या काळाच्या मानानं भरपूर मजकूर मावायचा. लेझरच्या उष्णतेनं तिच्या थरावर कायमची खूण उमटते. ती कितीही वेळा वाचता येते, पण पुसता येत नाही. काळ्या दगडावरची रेघच ती. ‘एकदा लिहा, कितीदाही वाचा’ या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या तबकडीला ‘वर्म’ म्हणू लागले.

युनिक्सला मात्र हे मानवणारं नव्हतं. तिथे फाइल नुसती वाचली तरी ती शेवटची केव्हा वाचली याची नोंद बदलते, म्हणजे डिस्कवर पुन्हा लिहिणं आलंच. नेहमीची फाइल सिस्टिम वर्मवर जशीच्या तशी बसवणं शक्यच नव्हतं.

यावरचा एक तोडगा युनिक्सच्या माहेरी, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये निघाला. अँड्र्यू ह्यूम यांनी १९८८ साली ‘फाइल मोटेल’ ही बॅकअपची व्यवस्था मांडली. बदललेल्या फाइली वेगवेगळ्या यंत्रांवरून मध्यवर्ती सर्व्हरकडे येत आणि तिथून ऑप्टिकल डिस्कवर कायमच्या मुक्कामाला जात. जुनी प्रत हवी असेल तर ज्यानं त्यानं आपली आपण मागवायची.

पुढची झेप तिथल्याच केन थॉम्प्सन आणि शॉन क्विनलन यांची. युनिक्सनंतर त्याच मंडळींनी घडवलेल्या ‘प्लॅन ९’ प्रणालीत त्यांनी बॅकअप हे वेगळं कामच उरू दिलं नाही. क्विनलन यांचा त्यावरचा शोधनिबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. रचना तीन मजली होती. वर मेमरी, मध्ये चुंबकीय डिस्क, आणि तळाशी वर्म तबकड्यांचा ज्यूकबॉक्स. त्यातली यांत्रिक व्यवस्था हवी ती तबकडी उचलून ड्राइव्हमध्ये घाली. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या मुख्य सर्व्हरवर सुमारे १०० मेगाबाइट मेमरी, २७ गिगाबाइट चुंबकीय डिस्क आणि ३५० गिगाबाइट वर्म होती. तबकडी बदलायला वेळ लागतो, म्हणून रोजचं काम मधल्या मजल्यावरच उरके.

रोज पहाटे ५ वाजता ‘डंप’ होई, म्हणजे त्या दिवसाची कायमची प्रत घेतली जाई. त्यासाठी फाइल सिस्टिम क्षणभर गोठवली जाई. आदल्या डंपनंतर बदललेले ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे मजकुराचे तुकडे, वेगळे काढून लिहिण्याच्या रांगेत लागत. लोकांचं काम लगेच पुन्हा सुरू होई आणि लेझर मागच्या मागे आपलं काम करत राही. न बदललेले ब्लॉक पुन्हा लिहायचे नाहीत, जुन्या तबकडीवरच्या त्यांच्या पत्त्याकडे बोट दाखवायचं. त्यामुळे प्रत्येक दिवसाची फाइल सिस्टिम पूर्ण दिसे, जागा मात्र बदलापुरतीच जाई.

१५ मार्च १९९५ ची फाइल हवी? डंपमधल्या ‘१९९५’ या डिरेक्टरीत शिरायचं, तिच्यातली ‘०३१५’ उघडायची. तिथे त्या दिवशीचं सगळं झाड जसंच्या तसं उभं. कालच्या प्रतीसाठी तर ‘यस्टर्डे’ नावाची आज्ञाच होती. ना ऑपरेटरला अर्ज, ना टेपेची वाट. परवानग्याही त्या दिवशीच्याच लागू. याची किंमतही होती. खासगी फाइल गाफीलपणे सर्वांना उघडी ठेवली आणि पहाटेचा डंप झाला, तर ती त्या तारखेला कायमची उघडीच राहिली. मालकालाही ती मागाहून झाकता येत नसे.

पुढे चुंबकीय डिस्क स्वस्त झाल्या आणि ज्यूकबॉक्सची सद्दी संपली. २००२ साली क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी ‘व्हेंटी’ ही साठवणीची व्यवस्था मांडली. तिच्यात ब्लॉकचा पत्ता त्याच्या मजकुरावरूनच गणितानं काढला जातो. मजकुरातलं एक अक्षर बदललं की पत्ता बदलतो, म्हणून जुन्या ब्लॉकवर नवा मजकूर चढवायला जागाच उरत नाही. तबकडीच्या थरानं लावलेली शिस्त आता गणितानं सांभाळली.

टेपेच्या तुलनेत जी उणीव वाटावी, त्या न पुसण्यातून अर्काइव्हचा सगळ्यात भरवशाचा नियम घडला. आज कुठल्याही सर्व्हरवर अर्काइव्ह उभारताना माध्यम कोणतं घ्यायचं हे नंतर ठरवावं. आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येऊ नये, आणि ज्याची फाइल हरवली त्याला ती कुणाच्या मिनतवाऱ्या न करता उघडता यावी. या दोन्हींची तजवीज पहिल्याच दिवशी करायची असते; फाइल उडाल्यावर ती करून भागत नाही.