वही कोण वाचतो?

मागच्या महिन्यात परतूरच्या मोंढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात बसलो होतो. बी-बियाणे, खते, फवारणीची औषधे असे ते दुकान. वडिलांच्या काळातल्या लाल कापडाच्या वह्या आता वरच्या फळीवर गेल्या आहेत. मुलाने मोबाईल तोंडाजवळ धरला आणि विचारले, "खरिपाची उधारी किती राहिली? सगळ्यात जास्त कुणाकडे?" दोन-तीन सेकंदांत मराठीत उत्तर आले. "सर, आता वही स्वतः बोलते," तो हसून म्हणाला.

उत्तरातले पहिलेच नाव आमच्या ओळखीच्या एका शेख चाचांचे होते. आकडा पाहून आम्ही दोघेही चमकलो. चाचा म्हणजे कापूस विकला की आधी उधारी फेडणारा माणूस. शोधल्यावर कळले ते असे: दुकानाच्या बिलांत 'शेख' एका स्पेलिंगने लिहिले होते आणि पैसे जमा करण्याच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या. यंत्राच्या लेखी ती दोन माणसे झाली. उधारी एकाच्या नावावर, भरणा दुसऱ्याच्या. बोलक्या वहीने चाचांना गावातला सर्वांत मोठा थकबाकीदार ठरवले, तेही अगदी ठाम शब्दांत.

घरी येताना एक प्रश्न डोक्यात राहिला. वही लिहितो कोण, वाचतो कोण आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याची ताकद कुणाकडे असते? हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे.

आपल्या हिशेबाची भाषाच पाहा. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. फारसी दफ्तरांत 'सियाक' नावाची आकडे लिहिण्याची वेगळी पद्धत होती. अरबी संख्यावाचक शब्दांची आखूड रूपे करून रकमा लिहीत. ती शिकलेल्या मुन्शीखेरीज कुणाला वाचता येत नसे. मराठी सावकाराची वही मोडीत असे. जलद लिहायला मोडी उत्तम, पण अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला ती काय आणि सियाक काय, दोन्ही सारख्याच.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि परतूर परभणी जिल्ह्यात. दिवाण सालारजंग पहिले यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, महसुलाचे मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले. मक्तेदाराच्या घरात असलेला हिशेब सरकारी कचेरीत आला. ही मोठी सुधारणा होती. पण कचेरीची भाषा आधी फारसी होती आणि १८८४ पासून उर्दू झाली. मी उर्दूचा शिक्षक आहे, या भाषेवर माझा जीव आहे. तरीही हे कबूल केले पाहिजे की मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यासाठी, मग तो हिंदू असो वा मुसलमान, ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची भाषा होती. जमीन त्याची, कागद मात्र दुसऱ्याच्या हातात.

शेजारच्या इंग्रजी मुलखात याचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या उठावाचा मुख्य रोख खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. त्या हिसकावून जाळण्यात आल्या. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, पण जप्ती त्याच लिहिण्याच्या जोरावर येते, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद मला आजही महत्त्वाची वाटते. पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि पासबुकात नोंद मागण्याचा हक्क रयतेला मिळाला. म्हणजे वही सावकाराची असली तरी तिच्यातले आपले पान पाहण्याचा अधिकार कर्जदाराला आहे, हे कायद्याने मान्य केले.

आपल्या वाचकांना इथे सूरह बकराची २८२ वी आयत आठवेल. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असे ती सांगते. शिवाय मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने, आणि त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वलीने. लेखणी दुसऱ्याच्या हातात असली तरी शब्द दुबळ्या बाजूचा असावा, ही काळजी त्यात आहे.

आता आजच्या वहीकडे येऊ. भारतीय दुकानदाराच्या टेबलावर हिशेबाचे सॉफ्टवेअर आले ते १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅलीसारख्या कंपन्यांमुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि लहान व्यापाऱ्यालाही कॉम्प्युटरशिवाय गत्यंतर राहिले नाही. त्याआधीच, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली क्लाउडची केंद्रे महाराष्ट्रात उघडली होती. 'क्लाउड' म्हणजे आकाशातला ढग नव्हे. पुणे-मुंबईकडच्या इमारतींत रात्रंदिवस चालणारी, भाड्याने मिळणारी यंत्रे आहेत ती.

तरीही एक अडचण होती. विक्री एका प्रणालीत, साठा दुसरीत, कर तिसरीत. मोठ्या कंपन्या रात्री हा सगळा डेटा एका कोठारात नकलून घेत. मग विश्लेषक नावाचा जाणकार 'एसक्यूएल' या प्रश्न विचारण्याच्या भाषेत त्यातून अहवाल काढी. मालकाला साधा प्रश्न पडला तरी उत्तरासाठी त्याची वाट पाहावी लागे. हा विश्लेषक म्हणजे आजचा मोडी जाणणारा मुनीमच.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक, हे विखुरलेले हिशेब एकाच जागी ठेवणारे एकत्रित मंच आले. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ मध्ये जाहीर केलेले 'फॅब्रिक' त्यांतलेच. दोन, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर साध्या बोलीतला प्रश्न समजून घेणारे मदतनीस या मंचांना जोडले गेले. आपण मराठीत विचारतो, मदतनीस त्याचे एसक्यूएलमध्ये रूपांतर करतो, आकडे काढतो आणि वाक्यात मांडतो. मुनीम मध्ये राहिला नाही. शेकडो वर्षांत पहिल्यांदाच वहीची लिपी न येणारा माणूस वहीशी थेट बोलू शकतो. हे मी छोटे मानत नाही.

याचे जवळचे उदाहरण बारामतीत आहे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊस उत्पादकांसाठी प्रकल्प सुरू केला. उपग्रहाची चित्रे, हवामान, मातीतल्या सेन्सरची मोजमापे एकत्र करून पाणी कधी द्यावे, खत किती द्यावे, हा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीतही येतो. आणि १८७५ मध्ये जिथे वह्या जळल्या ते सुपे आज याच बारामती तालुक्यात आहे! दीडशे वर्षांत त्या मातीतला शेतकरी वहीची होळी करण्यापासून वहीला सल्ला विचारण्यापर्यंत आला.

पण चाचांचा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. वडिलांच्या लाल वहीत त्यांच्या नावापुढे 'पिंपळाजवळचे' असे लिहिले होते. त्या एका शब्दाने माणूस पक्का ओळखता येई. एकत्रित मंचात अनेक वह्या जोडल्या जातात आणि जोडणीचा धागा असतो नाव. आपल्या नावांचे काय होते ते मी हजेरीपटावर रोज पाहतो. शेख, शैख, मोहम्मद, मुहंमद, नुसताच 'मो.'. उर्दूत एक, मराठीत दुसरे, इंग्रजीत तिसरे. मराठी नावांतही देशमुखांची, पवारांची गर्दी असते, पण लिपी बदलताना सर्वांत जास्त ठेचाळतात ती आपलीच नावे.

दुकानातली चूक दुकानात निस्तरते. पण रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये 'युनिफाइड लेंडिंग इंटरफेस' हे नाव जाहीर केलेली व्यवस्था जमिनीच्या नोंदींसह अनेक ठिकाणची माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेपुढे एकत्र आणते. सामान्य माणसाला झटपट कर्ज मिळावे हा तिचा हेतू आहे, आणि तो चांगला आहे. मात्र तिथे स्पेलिंगमुळे एका माणसाचे दोन झाले, तर पेरणीच्या तोंडावर कुणाचे काय अडेल याचा विचार करा. म्हणून २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपण समजून घेतला पाहिजे. आपल्याबद्दलच्या माहितीचा सारांश मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मला तो १८७९ च्या पासबुकाचाच वारस वाटतो.

हक्क कागदावर असून भागत नाही, मागणारा लागतो. आधार, सातबारा, बँक आणि शाळेचा दाखला, या चारही ठिकाणी आपले नाव एकसारखे आहे का, हे आजच तपासून पाहा. यंत्राने आकडा सांगितला की तो कोणत्या नोंदींवरून काढला, हे विचारायला लाजू नका. मुनीमाला विचारायची सोय नव्हती, याला विचारता येते.

दोन दिवसांनी चाचा दुकानात आले. माझ्या विद्यार्थ्याने त्यांना सारे सांगितले. चाचा रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बेटा, मेरे नाम पे क्या क्या लिखा है, एक एक पढके सुना." तो वाचत गेला, चाचा सांगत गेले: हे बरोबर, हे माझे नाही, हे पैसे पोळ्यानंतर दिले होते. अर्ध्या तासात दोन शेखांचे पुन्हा एक शेख झाले. शेवटी मुलाने त्यांच्या नावापुढे, जिथे पत्ता लिहितात त्या रकान्यात, 'पिंपळाजवळचे' असे लिहिले.