स्टॅबिलायझरच्या लेबलवरचा इतिहास

ऐतिहासिक साधन म्हटलं की आपल्याला दप्तरं, सनदा, वर्तमानपत्रांचे जुने अंक आठवतात. आजचं साधन लोखंडी पेटीतलं आहे: व्होल्टेज स्टॅबिलायझर. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत ते टीव्ही किंवा फ्रिजशेजारी बसलेलं असायचं. त्याच्याकडे वळायला निमित्त झालं एका खर्चिक प्रश्नाचं. अमरावती-अकोल्यात कुणी लाखांच्या घरातली ऑडिओ सिस्टिम घेतली, तर तिच्यासाठी वीज नीट करणारं कोणतं उपकरण घ्यावं? बाजारात स्टॅबिलायझर आहे, यूपीएस आहे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, 'पॉवर कंडिशनर' नावाचा महागडा डबाही आहे. माझं म्हणणं असं की, प्रत्येक उपकरण एका ठरावीक दोषाचं उत्तर म्हणून जन्माला आलं. दोष कोणता आणि कोणत्या काळातला, हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही.

आधी दोन कागद शेजारी ठेवा. पहिला, भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला नियम ५४. तो सांगतो की घरगुती पुरवठ्याचं व्होल्टेज घोषित आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त वरखाली होता कामा नये. २३० व्होल्ट धरले तर साधारण २१६ ते २४४. दुसरा कागद म्हणजे स्टॅबिलायझरच्या पाठीवरचं लेबल. त्यावर काम करण्याची मर्यादा छापलेली असते: १७० ते २७०, कधी १४० ते २८०, काहींवर तर ९० ते ३००. नियम म्हणतो २१६, बाजार म्हणतो ९०. मधली जी दरी आहे, ती भरून काढायचा खर्च कुणी केला? घरोघरच्या माणसाने, स्वतःच्या खिशातून. वीजबिलात हा खर्च कुठेच दिसत नाही. म्हणून फक्त सरकारी अहवाल वाचणाऱ्या संशोधकाच्या हातून तो निसटतो.

ही दरी पडली कशी? अमरावती आणि अकोला शहरांत आधी खासगी परवानाधारक कंपन्या वीज पुरवत. 'अमरावती इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी', 'अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी' ही नावं जुन्या न्यायनिवाड्यांमध्ये भेटतात. (लक्षात ठेवा: कंपनीचं दप्तर मिळालं नाही, तर तिचे खटले शोधा.) १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं आणि पुढच्या दशकांत तारा गावोगाव पोचल्या. पण तार पोचणं वेगळं आणि व्होल्टेज पोचणं वेगळं. डीपीपासून जितकं लांब जाल आणि तारेवर जितके पंप चालू असतील, तितकं टोकाच्या घरातलं व्होल्टेज खाली येतं. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात उन्हाळ्यात पंप चालतात तेव्हा हे घडतं. अकोला जिल्ह्यातच पारसचं औष्णिक केंद्र आहे, तरी शेजारच्या गावात बल्ब डिम असू शकतो, कारण व्होल्टेजचा निकाल शेवटच्या तारेवर लागतो.

आता दुसरा दोष बघा, फ्रिक्वेन्सीचा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमधली एसी मोटर याच आवर्तनांच्या तालावर फिरायची. फ्रिक्वेन्सी ४८.५ वर आली की तबकडी ३ टक्के मंद फिरणार. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या साधारण निम्म्याने गाणं उतरणार. रेकॉर्डसोबत पेटी धरली तर सूर जुळायचा नाही. इथे स्टॅबिलायझर निरुपयोगी, कारण तो फक्त व्होल्टेज सुधारतो. जोसेफ सोला यांनी १९३८ मध्ये शोधलेला कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर तर उलट अडचणीत येतो: फ्रिक्वेन्सी हलली की त्याचं आउटपुट व्होल्टेजही हलतं.

पण हा दोष आज उरला आहे का? पश्चिम विभागात जुलै २००२ पासून अशी दरपद्धत आली की ग्रीड दबलेलं असताना जास्त वीज ओढणाऱ्याला जास्त किंमत मोजावी लागे. ग्रीडची ठरवून दिलेली मर्यादा घट्ट होत गेली आणि २०१४ मध्ये ती ४९.९० ते ५०.०५ वर आली. तेव्हा 'फ्रिक्वेन्सी सुधारतो' एवढ्याच कारणासाठी महागडी मशीन घेणं म्हणजे जुन्या दुखण्यावर नवं औषध.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्रिक्वेन्सी जोडलेल्या ग्रीडवर सगळीकडे सारखीच असते, मुंबईत तीच आणि अचलपुरात तीच. व्होल्टेज डीपीगणिक बदलतं. आणि तिसरा दोष, अर्थिंगचा, तो तुमच्याच आवारात असतो. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माती इलेक्ट्रोडपासून सुटते, अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच लोक एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे रोध कमी मिळतो, पण लोखंडी इलेक्ट्रोड लवकर गंजतो. स्पीकरमधून येणारी घरघर कधी या खड्ड्यातून येते, तर कधी दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटांवर लावल्यामुळे. वळवाच्या विजांपासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्टरसुद्धा बहुतेक वेळा चांगल्या अर्थिंगवरच अवलंबून असतं.

मग घ्यायचं काय? आधी आठवडाभर वहीत नोंदी ठेवा: सकाळी, दुपारी, रात्री, पंपांच्या वेळेला किती व्होल्ट. व्होल्टेज खरंच हलत असेल तर सर्वो स्टॅबिलायझर घ्या. रिलेवाला टप्प्याटप्प्याने बदलतो, दर बदलाला 'टक' करतो, आणि तेवढा क्षण पुरवठा तुटतो. ॲम्प्लिफायर करंट झटक्यांनी ओढतो, म्हणून स्टॅबिलायझरची क्षमता गरजेच्या दोन-तीन पट ठेवा. व्होल्टेज स्थिर असेल तर पैसा आधी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरवर खर्च करा. ऑनलाइन यूपीएस फ्रिक्वेन्सीसकट सगळंच नव्याने घडवतो, पण त्याच्या पंख्याचा आवाज येतो आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर खचते. महागड्या कंडिशनरच्या पत्रकात फिल्टरची वर्णनं भरपूर असतात, पण व्होल्टेजची मर्यादा मात्र पुष्कळदा अरुंद किंवा गायबच असते. त्याचं कारणही ऐतिहासिक आहे. जिथे व्होल्टेज हा प्रश्नच नाही, अशा घरांसाठी तो घडवला गेला.

तुमच्या विषयात स्टॅबिलायझर नसेल, पण पद्धत हीच ठेवा. साधन हाती आलं की तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या अडचणीचं उत्तर होतं? ती अडचण ग्रीडएवढी मोठी होती, डीपीएवढी की आवारापुरती? आणि ती अडचण संपल्यावरही हे साधन का टिकलं? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक प्रस्ताव अडतात, आणि खरा प्रबंध बहुधा तिथूनच सुरू होतो. आज घरी जुना स्टॅबिलायझर सापडला तर त्याचं लेबल आधी उतरवून घ्या, भंगारवाला येण्याच्या आत.