उसना दिलेला गोलरक्षक

उसनी दिलेली पळी शेजाऱ्याच्याच पंगतीत वाढू लागावी, तशी गत २०१४ साली लंडनच्या चेल्सी क्लबाची झाली. तरुण बेल्जियन गोलरक्षक थिबो कुर्त्वा त्यांनी २०११ पासून माद्रिदच्या ॲटलेटिकोस उसना दिला होता. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेमके हेच दोन संघ समोरासमोर आले! त्यास खेळविल्यास चेल्सीस रक्कम द्यावी, हे कलम युरोपीय महासंघाने निरर्थक ठरविले.

पेत्र चेक असता कुर्त्वास बाकावर कुजविण्यात काय हशील, असा समर्थकांतील एक पक्ष. आपलेच शस्त्र शत्रूहाती का, असा दुसरा. मला पहिलाच पटतो. परंतु माद्रिदच्या बरोबरीत चेक जायबंदी झाला. लंडनला एकेचाळीस वर्षांचा श्वार्त्झर उभा राहिला आणि चेल्सी १-३ हरली. त्याच उन्हाळ्यात कुर्त्वा परतला आणि चेक बाकावर बसला.